ठिणगीआधी तेल

दिल्लीत जुनी मोटार पळते कमी आणि उभी जास्त राहते. यात मालकाच्या टाळाटाळीइतकाच कायद्याचाही हात आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २६ नोव्हेंबर २०१४ रोजी पंधरा वर्षांवरील वाहनांना राजधानीच्या रस्त्यांवर मनाई केली. ७ एप्रिल २०१५ रोजी दहा वर्षांवरील डिझेल वाहनांचा नंबर लागला आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केले. पुढे १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने विंटेज गाड्यांसाठी वेगळी वाट काढून दिली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात आणि ती दहा वर्षे चालते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी तिला रस्ता मोकळा आहे.

त्यामुळे या गाड्यांचे वर्ष हिवाळ्यातल्या दोन-चार दिवसांत आटोपते. ‘द स्टेट्समन’ची विंटेज रॅली दिल्लीत १९६४ पासून भरते, ‘२१ गन सॅल्यूट’चा सोहळा २०११ पासून. चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातला १९१४ चा जॉन मॉरिस बंबही स्टेट्समनच्या रॅलीत उतरलेला आहे. इंग्लंडच्या सॅलफर्डमध्ये बनलेला हा बंब एकेकाळी निजामाच्या रेल्वेकडे होता. रॅली संपली की ही सारी वाहने पुन्हा ताडपत्रीखाली जातात.

ही झाली हौशी मालकांची, निगा राखलेली वाहने. त्यांच्याहून कितीतरी जास्त गाड्या कोठीच्या मागच्या गॅरेजात दहा-वीस वर्षे हात न लागता पडून असतात. त्यांत सर्वांत जास्त भेटते ती अँबॅसडर. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ती घडवली आणि १९५७ पासून २०१४ पर्यंत काढली. दिल्लीच्या सरकारी पोर्चमधले तिचे स्थान वेगळे सांगायला नको. १९७५ आधीच्या अँबॅसडर आता विंटेजच्या वयात आल्या आहेत. मग एखाद्या रविवारी घरातल्या कोणाला तरी उमाळा येतो, शेजारच्या गाडीवरून केबल लावली जाते आणि ‘मार सेल्फ’ अशी आरोळी उठते.

तो सेल्फ मारण्याआधी काय करायचे, हा या प्रकरणाचा विषय आहे. सगळ्याचे सूत्र एकच: इंजिनाला पहिली ठिणगी मिळण्याआधी तेल शेवटच्या बेअरिंगपर्यंत पोचले पाहिजे आणि ते पोचल्याचे आपण डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. २०२१ च्या नियमाने या सूत्राला आणखी एक धार दिली आहे. विंटेज ठरायचे तर चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, असे तो सांगतो. इंजिन जाम करून घेतले आणि दुसऱ्याच गाडीचे आणून बसवले, तर गाडी धावेल. तिचा विंटेजचा दावा मात्र डळमळेल.

केसाहून बारीक फट

क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये घट्ट बसलेला नसतो. दोघांच्या मध्ये मिलिमीटरच्या साधारण विसाव्या भागाएवढी फट ठेवलेली असते, माणसाच्या केसाहूनही कमी. तेल या फटीत राहते. पुष्कळांचा समज असा की ऑइल पंपाचा दाब शाफ्टला उचलून धरतो. हिशेब करून पाहिला तर ते जमत नाही. डॅशबोर्डवरचा काटा ५० पौंड दाखवतो, आणि पेट्रोलचा भडका उडाल्यावर पिस्टनवरून बेअरिंगवर येणारा भार टनाच्या घरात जातो.

याचा उलगडा १८८३ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी प्रयोग करणाऱ्या ब्यूचॅम्प टॉवर यांच्या हातून झाला. रेल्वेच्या आसासारखे बेअरिंग ते तपासत होते. तेल घालायला त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर आस फिरताच त्यातून तेल उलटे वर यायला लागले. बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाबमापक लावला, तर काटा २०० पौंडांच्या पुढे पट्टीबाहेर गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार त्याच्या निम्माच होता. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी यामागचे गणित मांडले. फिरणारा शाफ्ट चिकट तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, तिथे ते दाबले जाते आणि त्या दाबावर शाफ्ट स्वतःच तरंगतो.

पंपाचे काम फटीत तेल संपू न देण्याचे आहे. उचलण्याचे काम शाफ्ट स्वतः करतो, पण फिरायला लागल्यावर आणि फटीत तेल असेल तरच. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत या दोन्ही अटी एकदम मोडतात. पहिल्या काही सेकंदांत धातूवर धातू घासतो. बेअरिंगचे अस्तर जुन्या इंजिनांत व्हाइट मेटलचे असते. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा हा मिश्रधातू आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये काढला. तो मुद्दाम मऊ ठेवलेला आहे, म्हणजे कचरा आला तर तो अस्तरात रुतावा आणि शाफ्ट वाचावा. पण २४० अंश सेल्सिअसच्या आसपास तो वितळू लागतो. कोरड्या घर्षणात ते तापमान गाठायला फार वेळ लागत नाही.

उभ्या गाडीच्या पोटात

बंद इंजिनात काहीच घडत नाही असे वाटते, पण दिल्लीची हवा तिथेही आपले काम करत असते. जुन्या इंजिनाचा श्वासनळा, म्हणजे ब्रीदर, बाहेरच्या हवेला उघडा असतो. जानेवारीत रात्री लोखंड गार पडते आणि धुक्याची ओली हवा आत शिरून त्यावर दवासारखी बसते. जुलै-ऑगस्टची दमट हवा तेच करते. मधल्या काळात मे-जूनच्या आंध्या बारीक धूळ आणून ओततात. हे पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते चेंबरच्या तळाशी जाऊन बसते. मेकॅनिक ज्याला चेंबर म्हणतात तो हा सम्प, आणि पंपाची जाळी नेमकी त्याच्या तळाजवळ असते.

जुन्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले, काजळी आणि पेट्रोलचे अंश आधीच असतात. त्यांची पाण्याशी गाठ पडली की बेअरिंगच्या पृष्ठभागाला खड्डे पडतात आणि तळाशी डांबरासारखा गाळ धरतो. वरच्या बाजूला तेल हळूहळू ओघळून सिलिंडरच्या भिंती आणि कॅमशाफ्टचे उंचवटे उघडे पडतात. गंज सगळीकडे सारखा चढत नाही. इंजिन थांबले त्या क्षणी ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तिथे सायलेन्सरच्या किंवा कार्बोरेटरच्या वाटेने हवा थेट येत राहते. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेला सिलिंडर शेजाऱ्यापेक्षा बराच चांगला निघतो. म्हणून एका प्लगच्या भोकातून डोकावून सगळ्या इंजिनाचा निकाल लावू नये.

आधी काय बाहेर येते ते पाहा

पहिले काम नाकाचे आहे. डिपस्टिक काढून हुंगावी. तेलाला पेट्रोलचा वास आणि पातळी खुणेच्या वर, असे असेल तर इंजिनाला लागून असलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटलेला असण्याचा दाट संभव. त्यातून पेट्रोल सरळ चेंबरमध्ये उतरते. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे जुन्या रबराचा टिकाव लागत नाही, त्यामुळे हा पडदा बदलूनच पुढे जावे. डिपस्टिकवर दुधाळ, कॉफीच्या रंगाचे तेल आले तर पाणी मिसळलेले आहे. ते दवाचे आहे की हेड गॅस्केटमधून उतरलेले, हे रेडिएटरची पातळी पाहून ठरवायचे.

मग गाडी जॅकवर उचलून स्टँडवर नीट टेकवायची. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. ड्रेनचा बोल्ट सैल करून हाताने सावकाश सोडायचा आणि खाली पांढरी परात ठेवायची, काळी नाही. पहिल्या क्षणी तेल येतच नाही. आधी दोन-चार चमचे गढूळ, तांबूस पाणी निघते, मग काळ्या तेलाची जाड धार लागते. अँबॅसडरच्या पोटात साधारण चार लिटर तेल मावते. ते निथळू द्यावे आणि परात उन्हात तिरपी धरून पाहावी. चमक दिसली तर चुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटले ते लोखंड, म्हणजे रिंगा, कॅम किंवा गिअरचे. न चिकटणारे रुपेरी कण बेअरिंगच्या अस्तराचे. चिमूटभर कणांनी घाबरायचे कारण नाही, पण नखाएवढे पापुद्रे निघाले तर गाडी चालू करायचा बेत तिथेच थांबवून बेअरिंग उघडावी.

घाईतला मालक इथे नवे तेल ओतून मोकळा होतो. जाणता माणूस चेंबरच खाली उतरवतो. गॅस्केट कॉर्कचे असेल तर ते हाताबरोबर तुकडे होऊन येते. नवे काश्मिरी गेटच्या बाजारात मिळते. तळाला बसलेला गाळ चाकूने खरवडावा लागतो. जाळी काढून डिझेलमध्ये बुडवून ब्रशने धुवावी आणि उजेडाकडे धरून प्रत्येक छिद्र पाहावे. चेंबर न उतरवता इंजिनात फ्लश ओतून ते फिरवणे हा लोकप्रिय शॉर्टकट आहे आणि वाईट आहे. वर्षांचा गाळ त्याने सुटतो खरा, पण सुटून जाळीवर आणि बारीक वाटांत जाऊन बसतो.

हाताने, आणि प्लग काढून

इंजिन पहिल्यांदा फिरवायचे ते हाताने. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचा-दोन चमचे पातळ तेल सोडावे आणि एक-दोन दिवस मुरू द्यावे. रिंगा चिकटल्या असतील तर त्यांना हा वेळ लागतो. तेल भसाभस ओतू नये. प्लग लावलेल्या अवस्थेत तेलाने भरलेला सिलिंडर दाबाखाली आला तर तेल दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून फिरवताना प्लग बाहेरच ठेवावेत आणि भोकांवर जुने फडके टाकावे.

अँबॅसडरसोबत हँडल येत असे, तेच इथे कामाला येते. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती वळवायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर वेढलेला अंगठा मोडतो, हा जुन्या ड्रायव्हरांचा पहिला धडा होता. इग्निशनची वायर काढलेली असली तरी सवय तीच ठेवावी. हँडल जड पण एकसारखे फिरले तर ठीक. कुठे तरी अडले तर जोर लावू नये. मागे-पुढे हलवावे, पुन्हा तेल सोडावे, थांबावे. वरचे टॅपेट कव्हर काढून ठेवले की आठही व्हॉल्व्ह खालीवर होतात का ते दिसते. चिकटलेला व्हॉल्व्ह सेल्फच्या जोराने हलवला की पुशरॉड वाकतो. कव्हर उघडे असतानाच रॉकर आणि पुशरॉडच्या वाटीत तेलकॅनने तेल सोडून घ्यावे. या इंजिनात ते तेल ओघळत टॅपेटपर्यंत आणि पुढे कॅमपर्यंत जाते.

पंपाने तेल सोडले असेल तर

विहिरीवरच्या मोटरीने पाणी सोडले की शेतकरी पाइपात पाणी भरून मगच बटण दाबतो, कारण नुसत्या हवेवर पंप पाणी ओढत नाही. इंजिनाचा ऑइल पंप त्या जातीचा नाही, तो दातांनी किंवा रोटरने तेल ढकलतो. पण वर्षानुवर्षे कोरडा पडल्यावर त्याचीही तीच गत होते. त्याच्या रोटरच्या फटी बुजवण्याचे काम तेलच करते. तेल नसेल तर त्या फटींतून हवा मागे पळते आणि खालचे तेल वर चढत नाही.

कोरडा पंप भरण्याच्या रीती इंजिनागणिक वेगळ्या आहेत. शेव्हरोलेच्या व्ही-एटसारख्या अमेरिकी इंजिनांत पंप डेलकोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या शाफ्टनेच फिरतो. तिथे डेलको काढून त्या भोकातून लांब दांडी घालतात आणि ड्रिल मशिनने पंप फिरवतात. इंजिन जागचे हलत नाही आणि तेल सगळीकडे चढते. अँबॅसडरच्या १,४८९ सीसीच्या बीएमसी बी-सीरिज इंजिनात ही युक्ती चालत नाही. तिथे पंपाला कॅमशाफ्टवरून वेगळा गिअर आहे आणि डेलकोला वेगळा. फोर्ड मॉडेल टी मध्ये तर पंपच नाही. फ्लायव्हील तेल उडवते आणि ते नळीतून पुढे जाते, म्हणून तिथे चेंबरच्या दोन कॉकांमधली पातळी हेच सर्वस्व.

बी-सीरिजसाठी सोपा मार्ग आहे तो प्रेशर गेजच्या जोडणीचा. ही नळी इंजिन ब्लॉकमधल्या मुख्य तेलवाहिनीला जोडलेली असते. ती सोडवून त्या जागी योग्य आट्यांचा नोझल बसवायचा आणि त्याला बागेतला हातपंपाचा फवारा जोडायचा. फवारा नवा हवा. कीटकनाशकाचा वापरलेला चालणार नाही. त्यात लिटर-दीड लिटर नवे इंजिन ऑइल भरून ते उन्हात किंवा गरम पाण्याच्या बादलीत कोमट करून घ्यायचे. मग दांडा मारून दाब द्यायचा. सुरुवातीला दांडा हलका जातो, पोकळ वाहिन्या भरत असतात. थोड्या वेळाने तो जड होतो आणि गाडीखाली कान दिला तर बेअरिंगच्या कडांतून चेंबरमध्ये ठिबकण्याचा आवाज येतो. काही तेल उलट्या वाटेने फिल्टरकडे आणि पंपात शिरते, तेही हवेच आहे.

इथे एक गोष्ट चुकवू नये. क्रँकच्या पोटातली भोके बेअरिंगच्या तेलवाटेशी दर क्षणी जुळत नाहीत. म्हणून एकाने दाब धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने हँडल पाव-पाव फेरा फिरवायचे, असे पूर्ण दोन फेरे. कॅमशाफ्टचा एक फेरा तेव्हा कुठे होतो. रॉकर शाफ्ट हा तेलाच्या वाटेवरचा शेवटचा थांबा. उघड्या टॅपेट कव्हरखाली आधी एका रॉकरच्या बुडाशी ओलसर रेघ दिसते, मग तिचा थेंब होतो, मग शेजारचा रॉकर पाझरतो. आठही रॉकर ओले झाले म्हणजे तेल पोचले. एखादा कोरडाच राहिला तर त्याच्या भोकात गाळ आहे. शाफ्ट काढून ते तारेने मोकळे करावे.

यानंतरच सेल्फची पाळी. प्लग अजून बाहेर, कॉइलची वायर अजून सुटी, गेजची नळी परत जागेवर आणि नवा फिल्टर तेलात भिजवून बसवलेला. दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारायचा, मग त्याला थंड होऊ द्यायचे. कॉम्प्रेशन नसल्याने बेअरिंगवर भार जवळजवळ नसतो. दोन-तीन खेपांत काटा हलला पाहिजे. नाही हलला तर पुढे जाऊ नये. पंपाची जाळी, सक्शन पाइपचा सांधा आणि अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह या क्रमाने शोध घ्यावा.

कोणते तेल

महागात महाग तेल जुन्या इंजिनाला सर्वांत चांगले, हा गैरसमज दुकानदाराच्या सोयीचा आहे. बी-सीरिजसारख्या इंजिनात कॅमचा उंचवटा सपाट टॅपेटवर घासत जातो. तिथे तेलाचा पडदा वारंवार फाटतो आणि धातूला वाचवते ते झेडडीडीपी नावाचे जस्त-फॉस्फरसचे रसायन. आधुनिक गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो, म्हणून एपीआयच्या एसएम वर्गात, म्हणजे २००४ पासून, पातळ ग्रेडच्या तेलांत त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांवर रोखले गेले. नव्या गाडीचे पातळ ०डब्ल्यू-२० तेल जुन्या अँबॅसडरमध्ये म्हणूनच ओतू नये. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० चे साधे खनिज तेल तिच्या रुंद फटींना आणि दिल्लीच्या उन्हाळ्याला मानवते.

दुसरा वाद डिटर्जंटचा. आजचे तेल काजळीला आपल्यात तरंगत ठेवते, म्हणजे ती फिल्टरमध्ये अडकावी. फिल्टरच नसलेल्या किंवा थोडेच तेल गाळणाऱ्या जुन्या इंजिनात ती तेलाबरोबर फिरत राहते आणि जुना गाळही सोडवते. पण चेंबर आणि जाळी साफ केलेली असतील आणि पहिले तेल लवकर बदलणार असाल, तर या वादात फारसा जीव उरत नाही.

पहिला अर्धा तास, आणि त्यानंतरचे वर्ष

आता प्लग लावावेत, अग्निशामक हाताशी ठेवावा आणि गाडी चालू करावी. डोळे गेजवर. पाच सेकंदांत दाब दिसला नाही तर चावी बंद, आवाज कितीही गोड असला तरी. सिलिंडरमध्ये सोडलेल्या तेलाचा निळा धूर काही मिनिटे निघणारच. रेस करून तो घालवायचा प्रयत्न करू नये. वीस मिनिटे मध्यम वेगावर चालवून इंजिन गरम झाले की तेल गरम असतानाच पुन्हा काढावे. उरलेली घाण त्यासोबत येते. नवे तेल आणि नवा फिल्टर लावून पाचशे किलोमीटरनंतर आणखी एकदा बदलावे. खर्च दहा-बारा लिटर तेलाचा. व्हाइट मेटल ओतणारा कारागीर शोधण्यापुढे तो काहीच नाही.

रॅली झाल्यावर गाडी पुन्हा उभी राहणार, हे दिल्लीत गृहीतच आहे. तेव्हाची नेहमीची चूक म्हणजे दर रविवारी गॅरेजात दहा मिनिटे इंजिन चालू ठेवणे. पेट्रोल जळताना पाणी तयार होते, ते वाफ होऊन जाण्याइतके तेल दहा मिनिटांत तापत नाही आणि दर आठवड्याला चेंबरमध्ये नवे पाणी साठते. चालवायचीच तर नीट तापेपर्यंत चालवावी, नाही तर ठिणगी न देता महिन्यातून एकदा हँडलने दोन फेरे फिरवावी. तेल बदलायचे ते पुढच्या मोसमाच्या तोंडावर नव्हे, गाडी झाकून ठेवण्याच्या दिवशी, म्हणजे पावसाळाभर बेअरिंगच्या शेजारी जुने आम्ल राहणार नाही. आणि स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधावी: तेल कधी बदलले, कोणते भरले आणि काटा शेवटचा कितीवर होता. पुढच्या वेळी हँडल हातात घेणारा माणूस आपणच असू याची खात्री नसते.